पोटाचा लिम्फोमा मेंदू-मज्जारज्जूपर्यंत पोहोचला तर उपचार कसे होतात? हिंगोलीतल्या कुटुंबांनी काय माहीत करून घ्यावं?

पोट जड राहतं, भूक लागत नाही, वजन उतरतंय. गावाकडे याचं पहिलं निदान बहुतेक वेळा 'ॲसिडिटी' असंच होतं. महिना-दोन महिने गोळ्या चालतात. मग कधीतरी काळी शौच होते किंवा रक्ताची उलटी होते, नांदेडला दुर्बिणीची तपासणी होते, पोटातला तुकडा तपासायला जातो आणि अहवालात एक अनोळखी शब्द येतो : लिम्फोमा.

कीमो सुरू होते. रुग्ण पुन्हा जेवायला लागतो, घरच्यांच्या जिवात जीव येतो. आणि काही महिन्यांनी तो म्हणतो, "मला एकाचे दोन दिसायलेत." किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, पाय उचलत नाही, बोलण्यात गोंधळ होतो. आजार पोटाचा होता, मग हे काय नवीन?

हा त्याच आजाराचा पुढचा टप्पा असू शकतो. असं फार थोड्या रुग्णांत होतं. पण होतं तेव्हा उपचारांची पद्धतच बदलते आणि वेळ फार कमी असतो. म्हणून हे सगळं नीट समजून घ्यायला हवं.

पोटाचा लिम्फोमा म्हणजे काय?

आपण ज्याला सर्रास 'पोटाचा कॅन्सर' म्हणतो, तो जठराच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून सुरू होतो. लिम्फोमा वेगळा. तो लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे. या पेशी संसर्गाशी लढतात आणि शरीरभर फिरतात. त्यामुळे लिम्फोमा गळ्यातल्या, काखेतल्या गाठींत होतो, तसा जठरातही होऊ शकतो. गाठींच्या बाहेर सुरू होणाऱ्या नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं सर्वांत नेहमीचं ठिकाण जठर हेच आहे.

जठरात प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात.

पहिला माल्ट लिम्फोमा. हा संथ असतो. यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हा जिवाणू अल्सरचं कारण असल्याचं दाखवलं आणि २००५ चं नोबेल मिळवलं. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतःच पिऊन पाहिला होता. सुरुवातीच्या टप्प्यातला माल्ट लिम्फोमा निव्वळ अँटिबायोटिकच्या कोर्सने चारपैकी सुमारे तीन रुग्णांत मागे हटतो. कीमोशिवाय बरा होणारा कर्करोग म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तो मेंदूत जाणं अगदी दुर्मीळ.

दुसरा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे डीएलबीसीएल. हा झपाट्याने वाढतो. त्यावरचा नेहमीचा उपचार 'आर-चॉप' नावाने ओळखला जातो. यात रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन ही पाच औषधं साधारण दर तीन आठवड्यांनी देतात. यातलं रिटुक्सिमॅब एकेकाळी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची स्वस्त भारतीय आवृत्ती आणली आणि चित्र बदललं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'पोट कापून गाठ काढून टाका' हा आग्रह इथे चालत नाही. जठराचा लिम्फोमा औषधांनी विरघळतो. ऑपरेशन लागतं ते जठराला छिद्र पडलं किंवा रक्तस्राव थांबेना तर.

मग तो मज्जासंस्थेत जातो कसा?

डीएलबीसीएलच्या १०० रुग्णांपैकी साधारण पाच जणांत आजार मेंदू, मज्जारज्जू किंवा त्यांच्याभोवतीच्या पाण्यात पोहोचतो. तो बहुतेक वेळा निदानानंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात दिसतो.

कोणाला धोका जास्त, हे ठरवण्यासाठी डॉक्टर सहा गोष्टी मोजतात :

- वय ६० पेक्षा जास्त
- रक्तातलं एलडीएच वाढलेलं
- रुग्णाची हिंडण्या-फिरण्याची ताकद कमी
- आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात
- गाठींच्या बाहेर एकापेक्षा जास्त अवयवांत आजार
- मूत्रपिंड किंवा त्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत आजार

यातल्या चार किंवा त्याहून जास्त गोष्टी लागू असतील, तर दोन वर्षांत मज्जासंस्थेत आजार जाण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे दहा असते. एखादीच लागू असेल किंवा एकही नसेल, तर ती १०० मध्ये एकापेक्षाही कमी. थोडक्यात, आजार फक्त जठरात असणाऱ्याला हा धोका फारसा नसतो. जठरासोबत मूत्रपिंड, अंडकोष, अस्थिमज्जा अशा ठिकाणीही पसरलेला असेल तर सावध राहावं लागतं. बर्किट लिम्फोमा या आणखी वेगवान प्रकारात आणि एचआयव्ही असलेल्या रुग्णांतही हा धोका जास्त असतो.

कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

- सकाळी जास्त जाणवणारी डोकेदुखी आणि त्यासोबत उलटी
- एकाचे दोन दिसणं, पापणी खाली येणं, नजर अचानक कमी होणं
- चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं
- हनुवटी किंवा खालचा ओठ बधिर होणं
- पायातली ताकद जाणं, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं
- स्वभाव बदलणं, विसरभोळेपणा, असंबद्ध बोलणं
- फिट येणं

हनुवटी बधिर होण्याकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात. दाताचं दुखणं समजून दातांच्या डॉक्टरकडे जातात. लिम्फोमाच्या रुग्णात मात्र हे छोटं लक्षण मोठ्या गोष्टीची खूण असू शकतं.

चेहरा वाकडा झाला की 'वारं लागलं' म्हणून झाडपाला, शेक, मालिश सुरू होते. साध्या लकव्यात आठ दिवस गेले तर कदाचित निभावून जातं. इथे आठ दिवसांत रुग्ण अंथरुणाला खिळू शकतो.

निदान कसं होतं?

दोन तपासण्या सर्वांत महत्त्वाच्या. पहिली, मेंदू आणि संपूर्ण मणक्याचा एमआरआय, शिरेतून रंगद्रव्य देऊन. नुसता सीटी स्कॅन पुरेसा नसतो.

दुसरी, 'पाठीतलं पाणी' काढणं. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं थोडं पाणी काढतात. त्यात लिम्फोमाच्या पेशी आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली आणि फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीत पाहतात. पहिल्या नमुन्यात पेशी सापडल्या नाहीत म्हणजे आजार नाही असं नाही, पुन्हा पाणी काढावं लागू शकतं. 'पाठीत सुई टोचली की माणूस लुळा होतो' ही भीती खेड्यापाड्यांत फार आहे. पण प्रौढ माणसात मज्जारज्जू वरच संपलेला असतो आणि सुई त्याच्या खाली जाते. त्यानंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, ते बहुतेकांचं थांबतं.

गाठ फक्त मेंदूच्या आत असेल आणि पाण्यात पेशी नसतील, तर मेंदूतला तुकडा घेण्याचाही निर्णय होऊ शकतो. डोळ्यांची खास तपासणी, पेट-सीटी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या तपासण्याही होतात. यातली हिपॅटायटिस बीची तपासणी टाळू नये, कारण शरीरात झोपलेला हा विषाणू रिटुक्सिमॅबमुळे जागा होऊन यकृत निकामी करू शकतो. आधी कळलं तर गोळ्यांनी त्याला रोखता येतं.

डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडचाही इथे विचार करावा लागतो. त्याने लिम्फोमाची गाठ काही दिवसांतच आकसते, रुग्णाला बरं वाटतं आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही. म्हणून जीव धोक्यात नसेल तर तपासणीचा नमुना आधी आणि स्टेरॉइड नंतर, असा क्रम ठेवतात. कुठे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर ते मोठ्या रुग्णालयात आवर्जून सांगावं.

नेहमीची कीमो इथे का चालत नाही?

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर रक्तवाहिन्यांपेक्षा घट्ट विणीच्या असतात. रक्तातली विषारी द्रव्यं मेंदूत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने केलेला हा बंदोबस्त. पण तोच औषधांनाही अडवतो. आर-चॉपमधली बरीचशी औषधं ही भिंत पुरेशी ओलांडत नाहीत. म्हणून जठरातली गाठ नाहीशी झालेली असताना मेंदूत आजार वाढलेला, असं घडू शकतं.

ही भिंत ओलांडण्यासाठी एक जुनं औषध फार मोठ्या मात्रेत वापरलं जातं : मेथोट्रेक्सेट.

या औषधाशी भारताचं नातं आहे. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांच्या चमूने १९४०च्या दशकात फॉलिक ॲसिडला अडवणारी रसायनं बनवली. मेथोट्रेक्सेट त्यातूनच आलं.

संधिवातासाठी याच औषधाच्या १० ते १५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आठवड्यातून एकदा देतात. मज्जासंस्थेच्या लिम्फोमात शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ३ ते ३.५ ग्रॅम देतात. मध्यम बांध्याच्या माणसासाठी ही मात्रा पाच ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे संधिवाताच्या गोळीच्या तीनशे-साडेतीनशे पट.

इतकी मात्रा माणूस सोसतो ती चोख तयारीमुळे. आदल्या दिवसापासून सलाईन सुरू असतं, लघवी अल्कधर्मी ठेवतात, साधारण २४ तासांनी ल्युकोव्होरिन हा उतारा सुरू होतो आणि रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी सुरक्षित होईपर्यंत रोज मोजली जाते. म्हणून ज्या रुग्णालयात पातळी मोजण्याची सोय आहे तिथेच हा उपचार घ्यावा. भरती होण्याआधी हा एक प्रश्न विचारायलाच हवा.

पोटाच्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ॲसिडिटीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडण्यात अडथळा आणू शकतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि काही अँटिबायोटिकही तसंच करतात. जठराच्या लिम्फोमाचा रुग्ण यातलं काहीतरी घेतच असतो. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी. कोणती कधी थांबवायची, हे तेच ठरवतील.

पूर्ण उपचार कसा असतो?

मेथोट्रेक्सेटसोबत सायटॅराबिन, थायोटेपा, इफोस्फामाइड आणि रिटुक्सिमॅब अशा औषधांची जोड देतात. पोटात आणि मेंदूत दोन्हीकडे आजार असेल, तर दोन्हीकडे पोहोचणारी औषधं आलटून-पालटून द्यावी लागतात.

*पाठीतून औषध :* पाण्यात पेशी असतील तर मेथोट्रेक्सेट किंवा सायटॅराबिन थेट कमरेतून देतात. वारंवार सुई नको असेल, तर डोक्याच्या त्वचेखाली छोटी डबी बसवून तिच्यातून औषध देता येतं. तिला ओमाया रिझर्व्हॉयर म्हणतात. आयुब ओमाया या पाकिस्तानात जन्मलेल्या न्यूरोसर्जनने १९६३ मध्ये ती शोधली. व्हिन्क्रिस्टिन मात्र कधीही पाठीतून द्यायचं नसतं, ते जीवघेणं ठरतं. म्हणूनच चांगल्या रुग्णालयांत ही दोन औषधं एकाच वेळी, एकाच टेबलावर येऊ देत नाहीत.

*स्वतःच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण :* आजार आटोक्यात आला आणि प्रकृती साथ देत असेल, तर ही पुढची पायरी. रुग्णाच्याच रक्तातून मूळपेशी काढून गोठवतात. नंतर थायोटेपासह अतिशय जोरदार कीमो देतात आणि त्या पेशी परत सोडतात. इथे बाहेरचा दाता लागत नाही.

इटली, ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या 'मारिएटा' चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ७५ रुग्णांना आधी अशी मिश्र कीमो आणि मग शक्य असेल त्यांना प्रत्यारोपण, असा हा आराखडा होता. एका वर्षानंतर ५८ टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता. प्रत्यारोपणापर्यंत साधारण निम्मेच, म्हणजे ३७ जण पोहोचले. पण त्यांचे निकाल सर्वांत चांगले होते. पूर्वी हा आजार म्हणजे काही महिने, असंच मानलं जायचं. त्या तुलनेत हा मोठा बदल आहे. तरीही कीमोचा मार खडतर असतो, संसर्गाने मृत्यूही होतात आणि निम्मे रुग्ण शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत, हेही घरच्यांना माहीत असावं.

*रेडिएशन :* कीमो सोसवत नसेल किंवा लागू पडत नसेल तर मेंदूला शेक देतात. गाठी आकसतात, त्रास कमी होतो. पण साठीच्या पुढच्या रुग्णांत नंतर स्मरणशक्ती आणि चालण्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणून तो विचारपूर्वक वापरतात.

*कार-टी सेल :* रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना लिम्फोमा ओळखायला शिकवून परत सोडायच्या, हा नवा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या 'नेक्सकार१९' या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं अनावरण झालं. परदेशापेक्षा तो बराच स्वस्त आहे, तरी खर्च लाखोंच्या घरात जातो. या उपचाराचे दुष्परिणाम मेंदूवरही होऊ शकतात. त्यामुळे मज्जासंस्थेत आजार असलेल्या रुग्णाबाबत निर्णय फार तोलून घेतात.

"हे आधीच का नाही दिलं?"

मेंदूत आजार गेल्यावर घरचे हा प्रश्न विचारतातच. उत्तर सरळ नाही. धोका जास्त असलेल्यांना आधीपासून पाठीतून किंवा शिरेतून मेथोट्रेक्सेट देण्याची पद्धत अनेक वर्षं होती, काही ठिकाणी आजही आहे. पण अलीकडच्या मोठ्या आढाव्यांत त्याचा ठळक फायदा दिसलेला नाही आणि औषधाचे दुष्परिणाम तर होतातच. त्यामुळे आधी न दिलं म्हणजे डॉक्टरांचा हलगर्जीपणा झाला, असं समजू नये. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : "आमच्या पेशंटचा मेंदूचा धोका किती आहे आणि कोणत्या लक्षणांवर लगेच यायचं?" पहिल्या कीमोच्या आधीच हा प्रश्न विचारता येतो.

हिंगोलीहून जायचं कुठे?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा : हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव. पहिल्या तपासण्यांसाठी जवळचं मोठं ठिकाण नांदेड. तिथल्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. ते दोनशे किलोमीटरहून लांब. प्रत्यारोपणाची वेळ आली तर मुंबई, अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त. टाटा मेमोरियल रुग्णालय परळला आहे आणि मूळपेशी प्रत्यारोपणाचं काम त्यांच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात चालतं.

निघताना सोबत काय घ्यावं? तुकड्याच्या अहवालासोबत मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या, एमआरआय आणि पेट-सीटीच्या सीडी, आतापर्यंतच्या प्रत्येक कीमोचे कागद. ठोकळा नेला नाही तर पुन्हा तुकडा घ्यावा लागून आठवडे वाया जाऊ शकतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि संरक्षण वर्षाला प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढलं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या 'आरोग्यमित्रा'ला भेटावं. हेल्पलाइन १५५३८८. कोणती कीमो योजनेत बसते आणि कोणती नाही, हे भरती होण्याआधीच विचारावं. कमी पडलं तर मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी आणि रुग्णालयाचा समाजसेवा विभाग हे पुढचे दरवाजे.

उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्यात ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन वर्षानुवर्षं बाहेरगावच्या रुग्णांचा आधार आहेत. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घेऊन जावं.

दोन कीमोंच्या मधल्या दिवसांत

रुग्ण गावी परततो तेव्हा खरी परीक्षा घरच्यांची असते. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा ताप काही तासांत जीवघेणा होतो. रात्रीच गाडी काढावी. त्यासाठी कोणाची गाडी, कोणतं रुग्णालय, कोणता फोन, हे आधीच ठरवून ठेवावं.

काळी शौच, रक्ताची उलटी किंवा पोटात अचानक असह्य दुखणं हीसुद्धा तातडीची बाब. गाठ झपाट्याने विरघळताना जठराला छिद्र पडू शकतं.

पाणी उकळून, अन्न ताजं आणि शिजवलेलं. आणि हळद? वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, जिल्ह्याला तिचा अभिमान आहे. भाजीत ती खुशाल घालावी. पण मज्जासंस्थेत गेलेला लिम्फोमा हळदीच्या काढ्याने किंवा कॅप्सूलने बरा होतो याला पुरावा नाही. असं काही सुरू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

उपचार थांबवायची वेळ आली तर

प्रत्येकाला ही जड कीमो झेपत नाही. वय, मूत्रपिंड, हृदय, अशक्तपणा यांमुळे डॉक्टर सौम्य उपचार सुचवतात किंवा फक्त त्रास कमी करण्यावर भर देतात. याला परिहार सेवा म्हणतात. स्टेरॉइडने डोक्यातली सूज उतरते, फिटवर औषध असतं, तीव्र वेदनेवर मॉर्फिन असतं. पैसे संपेपर्यंत पळत राहायचं की माणसाला त्याच्या घरी, त्याच्या माणसांत शांतपणे राहू द्यायचं, हा निर्णय कुटुंबाचा असतो. पण तो घेताना रुग्णाला विचारायचं राहून जातं. तो बोलू शकतो तोवर त्याला विचारावं. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या आजारात ही संधी फार दिवस राहत नाही.